तेरबिशच्या वयाची खपली

त्सेवेलमाने कातडी खरवडायचं लोखंडी पातं मागितलं, तेव्हा गोंचिगने आधी तपकिरीची बाटली पुढे केली. ती हुंगून तिने परत दिली, आणि मगच त्याने विचारलं, "कुणाची कातडी सोलतेस?"

"दगडाची."

"बरोबर. माणसांची सोलून संपली असेल."

गोंचिग तिचा ना दीर ना भाऊ. नुसता शेजारी, आणि शेजार म्हणजे उंटावरून तासाभराची वाट. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला चिडवण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि ते तो नेमाने करायचा. पण आज ती हसली नाही.

"रानबकरीच्या खडकावर खपली चढलीय," ती म्हणाली. "आई अजून दिसते. पिल्लू दिसेनासं झालंय. पांढरा महिना लागायच्या आत साफ करायचंय."

"नव्या वर्षाला तुझा तेरबिश येणार आहे?"

"येतो म्हणालाय. तो रस्ता सोडेल तर."

गोंचिगने पात्याची धार अंगठ्यावर पाहिली आणि ते तिच्या हातात ठेवलं. "जपून हात चालव. मेंढीचं कातडं फाटलं तर दुसरी मेंढी असते. ते पिल्लू एकच आहे."

"हे तू मला सांगतोस होय?" ती म्हणाली आणि उंटावर बसली.

तो खडक तिच्या हिवाळी मुक्कामाच्या वर, काळ्या डोंगराच्या खांद्यावर होता. त्यावरचं चित्र कुणी कोरलं, कधी कोरलं, कशासाठी कोरलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तळहाताएवढी रानबकरी, पाठीपर्यंत वळलेली शिंगं, आणि तिच्या पोटाखाली मान वर केलेलं पिल्लू, अंगठ्याएवढं. ठोके देऊन देऊन काढलेलं. डोंगराच्या पायथ्याशी अशी पन्नासएक चित्रं असतील, पण वाऱ्याबरोबर येणाऱ्या वाळूने ती घासून घासून गुळगुळीत करून टाकली होती. वरचं हे एकच टिकलं होतं.

अडतीस वर्षांपूर्वी सासूने तिला ह्या खडकापाशी आणलं. तोवर त्सेवेलमाची तीन मुलं गेली होती. पहिलं नऊ दिवसांचं, दुसरं चाळीस दिवसांचं, आणि तिसऱ्याला तर ओळखून हसता यायला लागलं होतं. चौथ्याच्या वेळी सासूने दोन गोष्टी केल्या. एक, मुलाचं नाव ठेवलं तेरबिश, म्हणजे 'तो नव्हे'. मरण दाराशी येऊन चौकशी करू लागलं तर सांगायचं, तो नव्हे हा, तुम्ही घर चुकलात, पुढे व्हा. इथे कितीतरी जणांचं हे नाव असतं, आणि मरण इतकं भोळं कसं असेल असं कुणी विचारत नाही. दुसरं, तिने सुनेला उजाडताना उठवलं, उंटिणीच्या ताज्या दुधाची चरवी हातात दिली, डोंगर चढायला लावला आणि नऊ खळग्यांच्या लाकडी पळीने दगडातल्या पिल्लाच्या तोंडाशी दूध शिंपडायला सांगितलं.

"तिचं प्यालं की तुझं जगेल," म्हातारी म्हणाली होती. आणि त्या काळी सरकारला असल्या गोष्टी खपत नव्हत्या म्हणून पुढे म्हणाली, "कुणी विचारलंच तर म्हणायचं, भांडं विसळत होते."

तेरबिश जगला. रांगला, घोड्यावर बसला, त्याचे दात पडले, नवे आले. हिवाळी मुक्कामातल्या प्रत्येक सकाळी घरातलं पहिलं दूध खडकाला जात राहिलं. उन्हाळ्यात कळपामागे लांब गेल्यावर ती त्या डोंगराच्या दिशेला तोंड करून हवेत शिंपडायची. मग सात वर्षांपूर्वी एक वाईट हिवाळा आला. गवत बर्फाच्या कवचाखाली गाडलं गेलं आणि दोनशे जनावरांतली सव्वीस उरली. तेरबिशने कोळशाचा ट्रक धरला. खाणीपासून सीमेच्या नाक्यापर्यंत रात्रंदिवस गाड्यांची रांग, धूळ अशी की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसू नये. दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी त्या रस्त्यावरून वाईट बातमी यायची. त्सेवेलमाने दूध दुप्पट केलं. सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आत एकदा, आणि वादळाची चिन्हं दिसली की वर साय.

खपली कधी आली हे तिच्या नीट ध्यानात नव्हतं. फार वर्षांपूर्वी पिल्लाच्या तोंडाशी एक शेंदरी टिकली दिसली होती, तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं. दूध पोचल्याची खूण वाटली होती. पण मग टिकलीचा ठिपका झाला, एकाचे दहा झाले, एकमेकांना चिकटले. इथे डोक्यातल्या कोंड्याला जो शब्द आहे तोच दगडावरच्या ह्या खपलीला आहे, आणि कोंड्याचं कुणी मनावर घेत नाही. ह्या हिवाळ्यात मात्र ती वर आली तर पिल्लाचा एक कान तेवढा बाहेर होता. बाकी सगळं शेंदरी. पिल्लू गेलं तर तेरबिश गेला, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने त्या दिवसापासून दूध आणखी वाढवलं.

पातं आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दूध घालून मग तिने बाही वर केली. सुरुवातीला हलक्या हाताने. खपली हलेना. जोर दिला तेव्हा थोडी शेंदरी भुकटी उडाली, बस. पिल्लाला हात लावायच्या आधी जरा कडेला करून बघावं म्हणून तिने रानबकरीच्या मागच्या पायापाशी पातं तिरकं घातलं आणि दाबलं. टक्कन टवका निघाला. तिला आनंद झाला, तो क्षणभरच. टवक्याच्या पाठीला दगडही चिकटून आला होता, आणि त्या दगडावर रानबकरीचा मागचा खूर होता.

"आजी! अहो आजी, थांबा!"

राजधानीतून आलेली एक मुलगी आठवडाभर त्याच डोंगरावर तंबू ठोकून राहिली होती. अनुजिन तिचं नाव. दिवसभर दगडांवर पालथी पडून भिंगातून काहीतरी बघायची. हिचं लग्न घरच्यांनी वेळेवर लावायला हवं होतं असं गोंचिगचं मत होतं. ती आता उतारावरून घसरत, धापा टाकत आली आणि तिने त्सेवेलमाचा हात मनगटाशी धरला.

"ती वर चिकटलेली नसते, आजी. दगडात मुरलेली असते. तुम्ही खरवडाल तर दगड निघेल, ती राहील."

"आता सांगतेस?" त्सेवेलमा म्हणाली. तळहातावरचा खूर तिने पोरीसमोर धरला. "आठ दिवस इथे लोळतेस, आणि आता सांगतेस?"

पोरीने खिशातून साखरेचा खडा काढून म्हातारीला दिला आणि शेजारी बसली. तो तोंडात टाकून त्सेवेलमानेच विचारलं, "तू ह्या कोंड्याची डॉक्टर ना? औषध दे काहीतरी."

"मी ह्याची डॉक्टर नाही, आजी. मी ह्याच्यासाठीच आलेय." अनुजिनला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "हा रोग नाही. दगडफुलाची जात आहे. ह्याला पान नाही, देठ नाही, मूळ नाही, नुसती खपली. पाऊस नाही, माती नाही, उन्हात भाजायचं आणि थंडीत गोठायचं, तरी जगतं. फक्त फार सावकाश. वर्षाला नखाच्या जाडीइतकं सरकलं तर खूप." तिने चित्रावर पारदर्शक कागद धरला, पेन्सिलीने कडा काढल्या, पट्टी लावली. "हा मधला बघा, पिल्लाच्या तोंडावरचा. हा सगळ्यात जुना. पस्तीस-चाळीस वर्षांचा असेल."

तो ठिपका उंटाच्या डोळ्याएवढा होता.

"अडतीस," त्सेवेलमा म्हणाली.

"काय?"

"काही नाही. माझ्या मुलाचं वय सांगितलं."

"आणि हे सगळे बारके आहेत ना, हे अलीकडचे. पाच-सात वर्षांतले. तेव्हा एकदम काहीतरी वाढलंय." अनुजिन कपाळाला आठ्या घालून वर बघू लागली. "इथे गरुड बसतो का हो?"

"गरुड त्या वरच्या सुळक्यावर. इथे कशाला बसेल?"

"तेच तर. सुळक्याखाली सगळा दगड शेंदरी आहे, कारण पक्ष्यांची घाण ह्याला मानवते. बाकी डोंगरावर दाण्याएवढं, तिथे ताटाएवढं. पण ह्या खडकावर पक्षी बसायला जागा नाही. मग ह्याला इथे रोज खायला कोण घालतं, तेच मला कळत नाहीये."

त्सेवेलमाने दुधाची चरवी हळूच अंगरख्याच्या घेराआड सरकवली. गरुडाच्या बैठकीखालचा शेंदरी दगड ती जन्मभर बघत आली होती. हरवलेली शेळी शोधताना लांबून ती खूण पाहूनच वाट धरायची. पण सुळका तो सुळका आणि हा खडक तो हा खडक, दोन्ही एकत्र कधी मनात आले नव्हते. तासाभराची वाट तुडवून ती पातं आणायला गेली होती, आणि खपलीचं कारण रोज तिच्याच काखेत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"पोरी," तिने विचारलं, "खाणं बंद झालं तर?"

"वाढ थांबत जाईल. मरेलही, पण आपण कुणी बघायला नसू."

"आणि पिल्लू? ते खाली आहे की नाही?"

अनुजिनने खोटं सांगितलं नाही, ह्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. ती म्हणाली, "मला माहीत नाही, आजी. खपली दगड थोडा खाते. पण वाळूपासून झाकूनही ठेवते. खालची सगळी चित्रं वाऱ्याने नेली, बघताय ना. हिच्याखाली काय आहे ते ती उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडली तर उरणार नाही."

दोन दिवसांनी अनुजिन तंबू गुंडाळून घरी सणाला निघून गेली. त्सेवेलमाने खूर निळ्या रेशमी पट्ट्यात बांधून पेटीत ठेवला. चूक कबूल करायला तिच्यासमोर कुणी उरलं नव्हतं आणि दूध तर रोज निघत होतं. रोज सकाळी ती चरवी घेऊन वर जायची. पळी दुधात बुडवायची आणि हात तिथेच राहायचा. घातलं तर तिच्या हाताने पिल्लू पुरलं जातं. न घातलं तर त्या रस्त्यावर तेरबिश उघडा. शेवटी ती घालायचीच, आणि मग स्वतःवर चिडून खाली येताना वाटेतल्या प्रत्येक शेळीला शिव्या घालायची.

पांढऱ्या महिन्याच्या आदल्या दिवशी तेरबिश आला. कोळशाची काळी रेघ डोळ्यांच्या कडांना कायमची बसलेली, गाल आत गेलेले. आल्या आल्या मांस भरून वाफवलेले सात बूझ खाल्ले आणि आठवा हातात असतानाच बसल्या बसल्या झोपला. आईने तो हातातला काढून घेतला.

वर्षाच्या पहिल्या सकाळी पुरुषमाणसं उंचावर जाऊन सूर्य बघतात, तसा तो वर गेला. उतरून आला, आईच्या कोपरांखाली आपले हात धरून तिला रीतसर नमस्कार केला, तिने त्याचे दोन्ही गाल हुंगले. मग तो चहाचा वाडगा घेऊन म्हणाला, "आई, त्या बकरीचा पाय कुणी मोडला?"

तिने सगळं सांगितलं. पातं, खूर, पोरगी, गरुड, दूध. काहीही लपवलं नाही; नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खोटं बोललं की वर्षभर बोलावं लागतं.

तेरबिश आधी खोखो हसला. "म्हणजे तो मधला ठिपका माझ्याच वयाचा? आणि तुझ्याच दुधावर वाढलेला? अगं, मग तो माझा दूधभाऊच की! मला सांगायचंस तरी, सणाला त्याला नवे कपडे आणले असते."

"हसू नकोस. घालणं बंद करावं म्हणतेय मी."

त्याचं हसणं गेलं. वाडगा त्याने खाली ठेवला. बाहेर गोठ्यात उंटाचं पिल्लू हंबरत होतं. त्याची आई पुन्हा व्यायची होती म्हणून त्सेवेलमाने आदल्या दिवशीच त्याच्या नाकाला टोकदार काडी बांधून त्याचं दूध तोडलं होतं.

"बंद नको करूस," तेरबिश म्हणाला.

तिला वाटलं तो थट्टा करतोय. हाच मुलगा शाळेतून आला तेव्हा म्हणाला होता, दगडाला दूध घालण्यापेक्षा मला दही लाव.

"खरंच सांगतोय. तुला माहीत नाही तो रस्ता. सगळ्यांचं काही ना काही असतं. कुणी लसूण चघळतो, कुणी गालात चापट्या मारत गाडी हाकतो, कुणी गाणी म्हणतो. मी काही करत नाही. मला तू आहेस." तो खालच्या आवाजात बोलत होता, आईकडे न बघता. "मागच्या हिवाळ्यात दोन रात्री सलग चालवत होतो. डोळा लागला. जागा झालो तर गाडी रस्ता सोडून माळावर, तशीच चाललेली. पाच हात डावीकडे ओढा होता. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, आईचं दूध पोचलं. आणि गाडी परत रस्त्यावर घेतली."

"आणि मग झोपलास ना?"

"कशाला? मी सांगतोय काय, तू होतीस ना."

सात वर्षं. वादळात, गुडघे धरून, चरवी पोटाशी घेऊन ती तो डोंगर चढली होती. आपण त्याला वाचवतोय असं तिला वाटत होतं, आणि तो त्या दुधाच्या भरवशावर डोळे मिटत होता. दगडातलं पिल्लू तिने झाकलं होतं तसंच हेही. तिला स्वतःचा राग आला, त्याचा आला, मेलेल्या सासूचाही आला. मग राग ओसरला आणि नुसती भीती उरली, आणि त्या भीतीतच तिचं ठरलं.

"आजपासून तुझं दूध तोडलं," ती म्हणाली.

"आई, काहीतरीच काय!"

"अडतीस वर्षांचा झालास. उंटाचं पिल्लू दोन वर्षांत सुटतं."

"अडतीस वर्षं घातलंस आणि आता एका शहरी पोरीच्या सांगण्यावरून..."

"पोरीने काही सांगितलं नाही. तू सांगितलंस. आत्ता. झोप आली की गाडी कडेला घ्यायची आणि झोपायचं. खडक तुझ्यासाठी जागा राहणार नाही. मीही नाही."

"मालकाला फेऱ्या हव्या असतात, आई. कडेला घेऊन झोपायला तो रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"बापाचा नाही म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली.

तो तीन दिवस राहिला आणि तीन दिवस फुगून होता. पाहुणे आले की हसायचा, तपकिरीची बाटली पुढे करायचा. पाहुणे गेले की गाडीखाली जाऊन उगाच नटबोल्ट पिळायचा. निघायच्या दिवशी गोंचिगही निरोपाला आला होता. प्रवासाला निघणाऱ्याच्या मागे घरातल्या बाईने दूध शिंपडायचं असतं, ते तर पाहुणा शत्रू असला तरी कुणी चुकवत नाही. त्सेवेलमा दारात उभी राहिली, रिकाम्या हातांनी.

तेरबिशने काच खाली केली. "निदान तो खूर तरी दे. गाडीत ठेवतो."

"नाही."

"आई!"

"डोळे उघडे ठेव. नाहीतर झोप. दोन्हींतलं एक कर."

त्याने काच वर केली आणि मागे न बघता निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत गोंचिगने दम धरला. मग म्हणाला, "बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मुलाच्या चाकामागे थेंबभर दूध नाही?"

"दूध तोडताना किती दिवस ओरडतं रे पिल्लू?" तिने विचारलं.

"तीन."

"आणि आई?"

"आई सात." गोंचिगने तिच्याकडे नीट पाहिलं. तो घरात गेला आणि तिच्या चुलीत वाळलं शेण सारून त्याने चहा टाकला. त्या माणसाची थट्टा बंद पडली की समजावं, त्याला जे कळायचं ते कळलंय.

फोन फक्त वर, त्या खडकापाशीच लागायचा. त्यामुळे न जाऊन भागणार नव्हतं. पहिल्या दिवशी ती चरवीशिवाय चढली तर हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. रानबकरीसमोर उभी राहून म्हणाली, "आज नाही आणलं. उद्याही नाही आणणार. राग धरायचा तर माझ्यावर धर." रानबकरी तीन पायांवर उभी होती. फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी वाजला नाही. तिसऱ्या दिवशी वाळूचं वादळ आलं, दोन हातांवरचं दिसेना, तरी ती वर गेली आणि खडकाला पाठ लावून दुपारपर्यंत बसली. चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, गोठ्यातलं उंटाचं पिल्लू केव्हाच हंबरायचं थांबलं होतं. गवतात तोंड घालून चरत होतं, जणू दूध ही गोष्ट त्याने कधी ऐकलीच नव्हती. पाचव्या दिवशी तिचा धीर सुटला. तिने चरवी भरली, पळी कमरेला खोचली आणि चढायला लागली. अर्ध्या वाटेवर तिच्या डोळ्यांसमोर तो आला, माळावर आपोआप चाललेला ट्रक, आत डोळे मिटलेला तेरबिश, निर्धास्त. ती तिथेच वाटेवर बसली आणि रडली. मग चरवीतलं दूध तिने स्वतः पिऊन टाकलं, सगळं, थंडगार, घोटाघोटाने, कुणावर तरी सूड घेतल्यासारखं. अडतीस वर्षांत घरातलं पहिलं दूध तिच्या पोटात कधी गेलं नव्हतं.

सातव्या सकाळी वारा पडला होता. ती खडकापाशी पोचून दम घेत होती तोच अंगरख्याच्या आत, छातीशी, फोन थरथरला. थंडीत त्याची बॅटरी मरते म्हणून ती तो तिथे ठेवायची. बोटं आखडलेली, बटण सापडेना.

"आई."

काहीतरी निराळं होतं आणि काय ते तिला पटकन उमगेना. मग उमगलं. सात वर्षांत त्याचा प्रत्येक फोन इंजिनाच्या घरघरीतून यायचा. दोघांना ओरडून बोलावं लागायचं. आज मागे काहीच वाजत नव्हतं.

"कुठे आहेस?"

"कडेला. गाडी बंद केलीय. डोळे मिटायला लागले होते." मागून जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकू आले. कुणीतरी त्याला शिवी देऊन गेलं असावं. मग त्याने लहानपणी विचारायचा तशा आवाजात विचारलं, "घातलंस का?"

तिच्या जिभेवर हो आलं होतं. तिने खडकाकडे पाहिलं. उंटाच्या डोळ्याएवढा तो शेंदरी ठिपका कोरडा ठणठणीत होता.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," तेरबिश म्हणाला. "भीती वाटते गं."

"मलाही. झोप आता."

"दोन तास झोपतो."

"तीन झोप."

फोन बंद करायचं तो विसरला. दार ओढल्याचा आवाज आला, पांघरूण अंगावर घेतल्याचा आला, मग थोड्या वेळाने बापासारखंच घोरणं. त्सेवेलमा खडकाला टेकून खाली बसली. फोन कानटोपीच्या आत कानाशी धरला, अंगरखा पायांवर ओढून घेतला आणि बॅटरी संपेपर्यंत ते घोरणं ऐकत राहिली.